ड्रममधला द्राव गुडघ्यापर्यंत पोचतो कसा? औषध प्रशासनास खुले पत्र

प्रति,
मा. सहआयुक्त (औषधे),
अन्न व औषध प्रशासन,
छत्रपती संभाजीनगर

विषय : डायमेथिल सल्फॉक्साइड या औद्योगिक द्रावकाची सांधेदुखीचे औषध म्हणून होणारी सुटी विक्री

महोदय,

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात, गुणनियंत्रण प्रयोगशाळेत, मी 26 वर्षे काम केले आणि निवृत्तीनंतर अंबड तालुक्यातील माझ्या गावी राहतो. हे पत्र मी आपल्या कार्यालयाला लिहीत असलो तरी ते उघडपणे लिहीत आहे, कारण यातला बराच मजकूर तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांनी, औषध दुकानदारांनी आणि कृषी सेवा केंद्रवाल्यांनीही वाचावा असा आहे.

गेल्या कार्तिकी एकादशीला मी थोरल्या मावशीकडे गेलो होतो. मावशीच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि चातुर्मासात त्या घरात कांदा-लसूण शिजत नाही. मी पाया पडून उठलो, तिने गालावरून हात फिरवला, आणि तिच्या श्वासाला लसणाचा स्पष्ट वास आला. सुनेला तो आठ दिवसांपासून येत होता; सासूबाई चोरून लसणाची चटणी खातात की काय असा तिचा समज झाला होता आणि त्यावरून घरात थोडा रुसवाही होता. मला मात्र तो वास ओळखीचा होता. आमच्या प्रयोगशाळेत एखाद्या नव्या मुलाने हातमोजे न घालता ओला फ्लास्क पुसला, की थोड्याच वेळात तो येऊन विचारायचा, "सर, डब्यात तर लसूण नव्हता, मग तोंडाला चव कशाची?" मी मावशीला विचारले, "गुडघ्याला काय लावायलीस?" ती म्हणाली, "पोरानं बाजारातनं आणलंय. गुडघ्याचं पाणी म्हणत्यात त्याला. लावलं की ठणका बसतोय बघ."

ट्रंकेमागून तिने बाटली काढून दिली. अर्ध्या लिटरची, निळ्या बुचाची, आत पाण्यासारखा स्वच्छ पण किंचित दाट द्राव. लेबल नखाने खरवडून काढलेले होते. एका कडेला चिकटून राहिलेल्या तुकड्यावर पिवळ्या त्रिकोणाचे टोक तेवढे दिसत होते. कपाशी करणाऱ्या कोणालाही तो त्रिकोण ठाऊक असतो. कीटकनाशकाच्या बाटलीवर तो 'अतिविषारी' या वर्गाची खूण म्हणून छापतात. मावशीच्या दोन्ही गुडघ्यांवरची कातडी तांबूस, कोरडी आणि बारीक तडकलेली होती. बाटली मी घरी आणली. डिसेंबरच्या एका सकाळी माजघरात ती गोठलेल्या तुपासारखी घट्ट झालेली आढळली आणि उन्हात ठेवल्यावर तासाभरात पुन्हा वितळली. 18.5 अंश सेल्सिअसला गोठणारा, वास नसलेला, हाताला तेलकट लागणारा आणि लावल्यावर श्वासाला लसणाचा वास आणणारा दुसरा द्राव निदान माझ्या माहितीत नाही. वर्णपटमापकावर, म्हणजे पदार्थाची ओळख पटवणाऱ्या यंत्रावर, तपासण्याआधीच माझी खात्री पटली की हे डायमेथिल सल्फॉक्साइड, म्हणजे कारखान्यातल्या आमच्या बोलीत डीएमएसओ, आहे.

हा पदार्थ नवा नाही. रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्सांद्र झाय्त्सेव यांनी तो 1866 मध्ये प्रथम तयार केला आणि त्यानंतर जवळजवळ शतकभर त्याच्याकडे कोणी विशेष पाहिले नाही. लाकडापासून कागदाचा लगदा करताना निघणाऱ्या गंधकयुक्त उपपदार्थापासून तो स्वस्तात बनवता येतो, हे कळल्यावर कागद उद्योगाने त्याला गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली. आज औषधांच्या मूळ घटकांची निर्मिती, कृत्रिम धागे, इलेक्ट्रॉनिक भाग धुणे, रंग खरवडण्याची द्रव्ये अशा कितीतरी ठिकाणी तो पिंपांनी लागतो, कारण पाण्यात विरघळणारे आणि तेलात विरघळणारे असे दोन्ही प्रकारचे पदार्थ तो पोटात घेतो. औषधाच्या वाटेवर तो आला तो 1960 च्या दशकात. अमेरिकेतील ओरेगन वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक स्टॅन्ली जेकब हे प्रत्यारोपणासाठी अवयव गोठवून टिकवता येतील असा द्राव शोधत होते, आणि त्या शोधात त्यांच्या लक्षात आले की हा द्राव धडधाकट कातडीतून थेट आत उतरतो. पेशी गोठवताना तो त्यांना फुटण्यापासून वाचवतो, हे त्याआधी 1959 मध्ये इंग्लंडमध्ये लव्हलॉक आणि बिशप यांनी दाखवून दिलेले होते.

त्यानंतरची चार-पाच वर्षे या द्रावाने धुमाकूळ घातला. मुरगळणे, सांधेदुखी, भाजणे, डोकेदुखी, काय वाटेल त्यावर तो लावला जाऊ लागला, आणि औषध दुकानात मिळेना तेव्हा लोक रसायनविक्रेत्यांकडून औद्योगिक दर्जाचा माल नेऊ लागले. 1965 च्या नोव्हेंबरात अमेरिकी औषध प्रशासनाने माणसांवरच्या चाचण्या थांबवल्या, कारण मोठ्या मात्रा दिलेल्या कुत्रे, ससे आणि डुकरांच्या डोळ्यांतील भिंगात बदल आढळले होते. माणसांमध्ये पुढे तसे बदल दिसले नाहीत, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पण तिथे साठ वर्षांपूर्वी घडलेली ती रसायनविक्रेत्याच्या दारातली रांग आता आपल्या आठवडी बाजारात लागलेली मी पाहतो आहे, आणि म्हणून हा इतिहास इथे सांगावासा वाटला.

मावशीचा ठणका खरोखर बसत होता का? माझे उत्तर आहे, बसत असेल. डीएमएसओ वेदना वाहून नेणाऱ्या बारीक मज्जातंतूंचे वहन मंदावते असे प्रयोगांत दिसलेले आहे, आणि कातडीत तो हिस्टामिन हे शरीरातलेच रसायन मोकळे करतो म्हणून लावल्या जागी ऊब, लाली व खाजही येते. ती ऊबच पुष्कळांना गुण वाटते. अडचण अशी की हा गुण मोजायचा कसा. कोणत्याही औषधाची प्रामाणिक चाचणी घ्यायची तर कोणाला औषध मिळाले आणि कोणाला नुसते पाणी, हे रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही कळता कामा नये. इथे मात्र शरीर या द्रावाचा थोडा भाग डायमेथिल सल्फाइड या वायूत बदलून श्वासावाटे बाहेर टाकते आणि खोलीत शिरणाऱ्या डॉक्टरला नाकानेच उत्तर मिळते. मावशीच्या सुनेला जे आठ दिवसांत कळले ते संशोधकांपासून लपवणे साठ वर्षांत नीट जमलेले नाही. त्यामुळे सांधेदुखीवर नुसत्या डीएमएसओचा उपयोग किती, याचा पक्का पुरावा आजही तोकडाच आहे.

जिथे पुरावा मिळाला तिथे मान्यताही मिळाली, आणि ती यादी लहान आहे. मूत्राशयाच्या एका चिवट, वेदनादायक दाहावर 50 टक्क्यांचे निर्जंतुक द्रावण नळीवाटे मूत्राशयात सोडून पंधरा मिनिटे ठेवायचे, या उपचाराला अमेरिकेत 1978 मध्ये परवानगी मिळाली. घोडे आणि कुत्रे यांच्या मुक्या मारावरची सूज उतरवण्यासाठी 90 टक्क्यांचे द्रावण व जेल तिथे त्याआधीच पशुवैद्यकांना मिळाले होते. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडा पारखून घेणाऱ्यांना पायाच्या सुजेची किंमत वेगळी सांगायला नको. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता बंद करण्यासाठी जो चिकट द्राव आत सोडतात तो डीएमएसओतच विरघळवलेला असतो. रक्ताच्या कर्करोगात मूळ पेशी गोठवून ठेवतात त्या साधारण 10 टक्के डीएमएसओमध्ये, आणि त्या परत चढवल्या की रुग्णाच्या खोलीत दोन दिवस तोच लसणाचा वास दरवळतो. तिथल्या परिचारिकांना तो पाठ असतो. त्या पेशी चढवताना मळमळ होते, रक्तदाब खाली-वर होतो, म्हणून रुग्णाच्या नाडीवर सतत लक्ष ठेवावे लागते. म्हणजे ज्या द्रावाला आपण निरुपद्रवी समजून चोळतो तो दवाखान्यात देतानाही माणसे शेजारी उभी राहतात.

गुडघ्यासाठी मान्यता मिळालेले एक द्रावणही आहे आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली त्याच्या सूचनापत्रकात आहे. 1.5 टक्के डायक्लोफेनॅक आणि सुमारे 45 टक्के डीएमएसओ असलेल्या या द्रावणाला अमेरिकेत 2009 मध्ये परवानगी मिळाली. त्यात वेदनाशामक काम डायक्लोफेनॅक करते आणि डीएमएसओ त्याला कातडीतून आत पोचवतो. एका गुडघ्याला 40 थेंब, दिवसातून चार वेळा, असे माप दिलेले आहे. आणि पुढे बजावले आहे की कातडी स्वच्छ व कोरडी असावी, लावल्यावर हात धुवावेत, आणि ती जागा पूर्ण वाळेपर्यंत तिच्यावर दुसरे कोणतेही मलम, ऊन रोखणारी क्रीम किंवा डास पळवणारे औषध लावू नये. असे का, तर डीएमएसओ चांगले-वाईट ओळखत नाही. त्याच्या बरोबर जे विरघळलेले असेल आणि ज्याचा रेणू पुरेसा लहान असेल, त्याला तो दार उघडून देतो.

आता हीच गोष्ट मावशीच्या घरात नेऊन पाहा. मावशी-काका बारा हंगाम ऊसतोडीला कोयत्यावर गेले. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना गुडघे झिजले. बीड आणि जालन्याच्या अर्ध्या गावांतून असे गुडघे सापडतील, त्यामुळे गिऱ्हाइकाला तोटा नाही. त्या गुडघ्यावर सकाळी बाम चोळलेला असतो, दुपारी कोणी सांगितला म्हणून पाल्याचा लेप असतो आणि रात्री त्यावरच हे पाणी. लावणारा हात बहुतेकदा तंबाखूला चुना लावून मळलेला असतो. निकोटिन तर डीएमएसओच्या मदतीशिवायही कातडीतून आत जाते. पण खरी काळजी मावशीच्या मुलाची आहे. पाठीवरच्या पंपाच्या पट्ट्याने त्याचा खांदा सोलवटला होता आणि भाद्रपदापासून तो हेच पाणी खांद्यावर चोळत होता, फवारणी करून आल्यावर, कधी आंघोळीनंतर तर कधी तसाच. कपाशीवर मारतात त्या प्रोफेनोफॉस या कीटकनाशकाचा रेणू सुमारे 374 डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे माप), डायमेथोएटचा 229 चा. कातडीतून जायला साधारण 500 डाल्टनच्या आतला रेणू सोयीचा मानतात. ही औषधे मुळातच कातडीवाटे अंगात भिनतात, म्हणून तर आपले कृषी खाते दरवर्षी हातमोजे घाला म्हणून सांगते. त्या भिजलेल्या शर्टाखालच्या खांद्यावर वाट मोकळी करून देणारा द्राव ओतणे, हे मी प्रयोगशाळेत कोणाला करू दिले नसते. साध्या नायट्राइलच्या हातमोज्यातूनही डीएमएसओ काही वेळाने आरपार येतो. त्यासाठी आम्ही ब्यूटाइल रबराचे मोजे वापरायचो आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचो की या द्रावाची भीती बाळगू नकोस, त्यात काय विरघळले आहे त्याची बाळग.

त्यात भर त्या बाटलीची. डीएमएसओ स्वतः फारसा विषारी नाही. औषधात उरलेल्या द्रावकांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत तो सर्वांत कमी धोक्याच्या तिसऱ्या वर्गात मोडतो, आणि हाच मुद्दा विक्रेते पुढे करतात. पण जो पदार्थ रंगाचे थर सोडवतो तो कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटलीच्या भिंतींना चिकटलेला अंश सोडून देईल, ही अपेक्षा कशी धरायची? पिंपातला माल औद्योगिक दर्जाचा असला तर त्यात काय काय अशुद्ध राहू द्यायचे, याचा हिशेब कारखान्याच्या गरजेने केलेला असतो, माणसाच्या रक्ताच्या हिशेबाने नाही. वर तो हवेतले पाणी शोषून घेतो, त्यामुळे उघडी बाटली महिन्याभराने किती टक्क्यांची राहिली ते विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. आणि पाण्यात मिसळताना तो तापतो, म्हणून ओल्या कातडीवर ओतला की भाजल्यासारखे वाटते.

महाराष्ट्राला हा धडा कोणी बाहेरच्याने शिकवण्याची गरज नाही. 1986 च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेल्या 14 रुग्णांचा मृत्यू झाला, कारण त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली, आणि आमच्या पिढीतल्या प्रत्येक गुणनियंत्रकाने नोकरीच्या पहिल्या वर्षात त्या अहवालाची चर्चा ऐकली आहे. कारखान्यात येणारे प्रत्येक पिंप उघडून, नमुना काढून, ओळख पटवल्याशिवाय आत घ्यायचे नाही, ही आमची सवय त्याच घटनेच्या धाकाने लागली. ग्लिसरॉलही निरुपद्रवीच होते.

म्हणून माझे म्हणणे असे की प्रश्न डीएमएसओ अमृत आहे की विष, हा नाही. प्रश्न आहे पिंप आणि गुडघा यांच्यामध्ये जबाबदार माणूस कोण उभा आहे. सध्या तिथे कोणीच नाही. मी स्वतः तीन ठिकाणी चौकशी केली. एक आठवडी बाजारातला जडीबुटीचा पथारीवाला, एक प्रयोगशाळेचे सामान विकणारा दुकानदार आणि एक मोबाइलवर चित्रफिती पाठवून घरपोच बाटली देणारा तरुण. त्या चित्रफितीत कर्करोग, मधुमेह, पक्षाघात आणि मोतीबिंदू या सगळ्यांवर हेच पाणी सांगितले आहे, आणि काही थेंब पोटात घ्यायलाही सांगितले आहे. दुकानदार त्यातल्या त्यात प्रामाणिक निघाला, तो म्हणाला, "आमच्या बिलावर रसायन म्हणूनच लिहिलंय, पुढे गिऱ्हाईक काय करतं ते आम्हाला काय माहीत."

कायद्याने हा बचाव टिकू नये, असे मला वाटते. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, 1940 मधील औषधाची व्याख्या पदार्थाच्या नावावर बेतलेली नसून हेतूवर बेतलेली आहे: रोगाच्या उपचारासाठी वापरायचा म्हणून जो पदार्थ दिला जातो ते औषध. 'गुडघ्याचं पाणी' म्हणून बाटली हातात ठेवली त्या क्षणी ते परवान्याविना विकलेले औषध ठरते. चित्रफितींतील रोगांची नावे तर 1954 च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत सरळ लिहिलेली आहेत. त्या रोगांवरच्या इलाजाची जाहिरात करण्यासच मनाई आहे.

आपण या द्रावावर सरसकट बंदी घालावी, असे मात्र मी मुळीच म्हणत नाही. तसे केले तर महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा अडतील, कर्करोग रुग्णालयांना त्रास होईल आणि पथारीवाला दुसऱ्या नावाने तीच बाटली विकेल. पाच लिटरांपेक्षा कमी सुटा माल देणाऱ्या रसायनविक्रेत्यांनी गिऱ्हाइकाची नोंद ठेवावी आणि बाटलीवर 'माणसाच्या किंवा जनावराच्या अंगाला लावण्यासाठी नाही' हे वाक्य मराठीत, ठळक छापावे, असे पत्रक आपण काढू शकता. बाजारातून गुपचूप नमुने विकत घेऊन ते शासकीय विश्लेषकाकडे पाठवू शकता, आणि त्यात कीटकनाशकाचा अंश शोधायला मुद्दाम सांगू शकता; नेहमीच्या तपासणीत तो सापडणार नाही. फवारणीच्या मोसमात, श्रावण-भाद्रपदात, आरोग्य विभागाला सांगून आशाताई आणि ग्रामीण रुग्णालयांतल्या डॉक्टरांना एक प्रश्न विचारायला लावा: "अंगाला काही चोळलंय का, आणि तोंडाला लसणाची चव येते का?" चक्कर, मळमळ, घाम, डोळ्याची बारीक झालेली बाहुली अशी कीटकनाशकाच्या विषबाधेची लक्षणे घेऊन आलेल्या माणसाकडून हे उत्तर मिळाले तर उपचार करणाऱ्याला नेमके काय आत गेले असेल याचा अंदाज येईल, आणि ती नोंद औषधांच्या दुष्परिणामांची माहिती गोळा करणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाकडे 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर कळवता येईल.

डॉक्टर मंडळींना एक विनंती, रागावू नये. गुडघेदुखीच्या माणसाला आपण पाच मिनिटांत गोळ्या देऊन वाटेला लावतो, म्हणून तो बाजारात जातो. मावशीला मी नुसते "लावू नकोस" म्हटले असते तर तिने ऐकले नसते. मी तिला एरंडाच्या पानाने शेकायला सांगितले, डॉक्टरांनी लिहून दिलेले डायक्लोफेनॅकचे साधे जेल आणून दिले आणि मुलाला फवारणीनंतर साबणाने अंग धुतल्याखेरीज खांद्याला काहीच लावायचे नाही अशी तिच्यासमोर शपथ घातली. तिचा वास चार दिवसांत गेला. सुनेने मला दोनदा चहा दिला.

ती बाटली माझ्याकडे कुलपात आहे, वर तारीख घालून, मेणाने बूच बंद करून. अधिनियमाच्या कलम 26 नुसार खरेदीदाराला शुल्क भरून विश्लेषण मागता येते आणि तसा अर्ज करायला मावशीचा मुलगा तयार आहे. परंतु अर्धी वापरलेली, उघडलेली बाटली पुरावा म्हणून किती टिकेल, हे मी 26 वर्षे नमुने हाताळल्यामुळे जाणतो. तो पथारीवाला दर बुधवारी बसतो. आपल्या औषध निरीक्षकांनी सोबत यावे, मी ओळख पटवून देईन. कोणत्या बुधवारी यायचे तेवढे कळवावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त गुणनियंत्रण रसायनशास्त्रज्ञ
ता. अंबड, जि. जालना